तर, तरच आणि तरी: डिस्क्रीट मॅथ्सच्या एका वर्गाचं प्रकरण

पार्श्वभूमी

सांगली-मिरज पट्ट्यातलं एक इंजिनिअरिंग कॉलेज, नाव राहू दे. सेकंड इयर कॉम्प्युटरची एक डिव्हिजन, ६६ पोरंपोरी, विषय डिस्क्रीट मॅथ्स आणि शिकवणारा मी. माझी ही दुसरी खेप होती. पहिल्या वर्षी पुस्तकात जसं आहे तसं शिकवलं, लॉजिक (तर्क), मग सेट (संच), मग काउंटिंग (मोजणी), रिलेशन्स (संबंध), ग्राफ (ठिपके आणि रेघांचं जाळं), आणि पोरांनी पण पुस्तकात जसं आहे तसं लिहिलं, पास झाली, विषय संपला. तिसऱ्या वर्षात अल्गोरिदम शिकवणारे सर मला भेटून म्हणले की तुमच्या पोरांना इंडक्शन (पायरी-पायरीनं सगळ्या संख्यांसाठी सिद्ध करायची पद्धत) माहितीच नाही ओ. मी म्हणलं माहिती आहे की, शिकवलंय. ते नुसते हसले.

वर्गात साधारण एक तृतीयांश पोरं डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला आलेली. ही पोरं कोड लिहायला तयार, हात बसलेला, पण अकरावी-बारावीतलं परम्युटेशन-कॉम्बिनेशन (किती प्रकारे मांडता, निवडता येतं त्याचं गणित) यांनी पाहिलेलंच नसतं. बाकीची बारावी-सीईटीवाली, यांनी ते पाहिलेलं असतं पण एनपीआर आणि एनसीआर ही सूत्रं एवढंच आठवतं, कुठं कुठलं लावायचं ते देवाला माहिती. जत, आटपाडी, शिराळ्याकडची बरीचशी, दहावीपर्यंत मराठी मिडीयम. काहीजण रोज पलूस-तासगावहून एसटीनं, किर्लोस्करवाडीहून रेल्वेनं अप-डाऊन करणारे, त्यामुळं शेवटच्या लेक्चरला अर्धा वर्ग घड्याळाकडं बघत असतो.

दोन वर्षं डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन केलेल्या पोरांना हा विषय विचित्र वाटतो हे मान्यच करायला पाहिजे. आकडेमोड जवळजवळ नाही, आणि जिथं आहे तिथं पण उत्तरापेक्षा "का" जास्त विचारतात.

नेमकी अडचण काय होती

पहिली युनिट टेस्ट २० मार्कांची झाली, निकाल वाईट लागला, अर्ध्याहून जास्त वर्ग सात-आठच्या खाली. इथपर्यंत नवीन काही नाही. पण पेपर तपासताना एक गोष्ट सारखी दिसायला लागली. "पी असेल तर क्यू" या वाक्याचं ट्रुथ टेबल (पी आणि क्यू खरे-खोटे असताना अख्खं वाक्य खरं की खोटं, टी की एफ, याचा तक्ता) काढायला दिलं होतं, चार ओळींचं, अगदी फुकटचे मार्क. बऱ्याच पोरांनी वरच्या दोन ओळी बरोबर भरल्या होत्या आणि खालच्या दोन, म्हणजे जिथं पी खोटं आहे त्या, चक्क कोऱ्या सोडल्या होत्या. काहींनी आडवी रेघ मारलेली. चुकीचं उत्तर समजू शकतो, पण इतक्यांनी त्याच जागी कोरं?

एका डिप्लोमावाल्या पोराला बोलावून विचारलं. तो म्हणला, "सर, कंडिशन फॉल्स झाली तर कंट्रोल आत जातच नाही ना. काही होतच नाही तिथं. मग टी कुठनं लिहायचं?"

मी गप्पच झालो. त्याच्या डोक्यात सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतलं इफ होतं आणि त्या इफच्या हिशोबानं तो शंभर टक्के बरोबर होता. सी मधलं इफ म्हणजे हुकूम, हे असेल तर ते कर. लॉजिकमधलं "जर-तर" म्हणजे एक विधान, त्याला खरं नाहीतर खोटं असायलाच लागतं. हे दोन वेगळे "जर" आहेत हे मी वर्गात एकदा पण बोललो नव्हतो, कारण मला स्वतःला ते कधी खटकलंच नव्हतं.

दुसरा प्रश्न होता "सगळी पोरं पास झाली" याचं निगेशन (नकार, म्हणजे हे खोटं असेल तर काय) लिहा. पेपर इंग्रजीत, पण मराठीत लिहिलं तरी चालेल असं मी सांगितलं होतं. कितीतरी जणांनी लिहिलं, "सगळी पोरं पास झाली नाहीत." मी अर्ध्यांना शून्य दिलं आणि अर्ध्यांना पूर्ण मार्क, आणि मग पेन खाली ठेवला, कारण वाक्य तर एकच होतं! हे वाक्य मराठीत दोन्ही अर्थांनी चालतं. "सगळी" वर जोर दिला की अर्थ होतो काही झाली काही नाही, आणि सरळ सुरात म्हणलं की एकही नाही. स्टाफरूममध्ये चार जणांना विचारलं तर उत्तरं दोन आली आणि चहा थंड होईपर्यंत वाद झाला.

तिसरी गंमत "तरच" ची. "७५ टक्के हजेरी असेल तरच परीक्षेला बसता येईल", हे चिन्हात, म्हणजे "जर" कडून "तर" कडं बाण काढून, लिहा म्हणलं तर जवळजवळ सगळ्यांनी बाण हजेरीकडून परीक्षेकडं काढला. बाण उलटा पाहिजे, परीक्षेला बसलाय म्हणजे हजेरी आहे. हजेरी आहे म्हणजे बसायला मिळेलच असं नाही, फॉर्म भरायचा राहिला तर नाही मिळत.

म्हणजे "पोरांचं मॅथ्स कच्चं आहे" हे आमच्या डिपार्टमेंटचं ठरलेलं निदान या पेपरपुरतं तरी लागू नव्हतं. गडबड "तर", "किंवा", "सगळे", "कुणीतरी" या रोजच्या शब्दांत होती, आणि हे शब्द त्यांच्याकडं तीन ठिकाणांहून येत होते, घरची मराठी, पुस्तकाची इंग्रजी आणि पहिल्या वर्षाचं सी.

काय काय करता आलं असतं

एचओडींचं (विभागप्रमुखांचं) म्हणणं स्पष्ट होतं. "अहो सर, मागचे पाच पेपर घ्या, सोडवून घ्या, पोरं पास होतात. एवढा विचार करू नका." हे चूक आहे असं मी म्हणणार नाही. प्रश्न फिरून फिरून तेच येतात आणि एटीकेटी लागलेल्या पोराच्या बापाला तुम्ही लॉजिकची गोडी सांगू शकत नाही.

दुसरा पर्याय, लॉजिक तिथंच सोडून एकदम ग्राफवर उडी मारायची. ग्राफ पोरांना आवडतात. १७३६ मध्ये ऑयलरनं कोनिग्सबर्गच्या सात पुलांचं कोडं सोडवलं ते सांगितलं, फळ्यावर चार ठिपके (जमिनीचे तुकडे) आणि सात रेघा (पूल) काढल्या की मागचा बेंच पण वहीत गिरवायला लागतो. प्रत्येक ठिपक्याला विषम रेघा येतात, तीन ठिकाणी ३ आणि एका ठिकाणी ५, म्हणून प्रत्येक पूल एकदाच ओलांडून फिरणं अशक्य, झालं. मोह होता. पण "असा ग्राफ असेल तरच असं फिरता येतं" हे वाक्य तिथं पण येणारच, आणि त्यातला "तरच" परत तसाच अडकणार. शिवाय युनिट टेस्ट दुसऱ्या डिव्हिजनबरोबर कॉमन, तिकडच्या मॅडम पुस्तकाच्या क्रमानं चाललेल्या, मी एकटा क्रम बदलला तर माझीच पोरं मार खाणार.

तिसरा पर्याय सगळं कोडमधून शिकवायचा. डिप्लोमावाले खूश झाले असते. पण कोऱ्या ओळींचं मूळच सी मध्ये होतं, तेव्हा त्याच विहिरीत परत पोहरा सोडण्यात अर्थ नव्हता.

शेवटी एक आठवडा, म्हणजे चार लेक्चर, फक्त शब्दांवर घालवायचे ठरवले, आणि त्याची किंमत म्हणून रिलेशन्सचं युनिट घाईत उरकावं लागणार हे माहीत होतं. एचओडींना सांगितलं "रिव्हिजन घेतोय". खोटं नव्हतं, पण पूर्ण खरं पण नव्हतं.

काय केलं

पहिल्याच लेक्चरला मी चुकलो. कोऱ्या ओळी समजावायला मला वाटलं आपली म्हण एकदम फिट आहे, आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हणलं असतं. पी खोटं, क्यू खोटं, तरी वाक्य कसं पटतं बघा! वर्ग हसला, मला वाटलं जमलं. मग पलूसकडची एक मुलगी उठली. "सर, मग आत्याबाईला मिशा असत्या तर मामा म्हणलं असतं, हे पण खरं का?"

टेबलाच्या हिशोबानं हो. कानाला नाही. आणि तिचा कान बरोबर होता, कारण "असत्या तर" हे वेगळंच प्रकरण आहे, मराठी व्याकरणात त्याला संकेतार्थ म्हणतात, जे नाही ते असतं तर काय झालं असतं याची ती कल्पना. लॉजिकमधलं साधं "असेल तर" अशी कुठलीच कल्पना करत नाही, ते फक्त काय खरं काय खोटं एवढंच बघतं. मी दोन्ही एका पोत्यात भरले होते. "थांबा, उद्या सांगतो" म्हणून वेळ मारून नेली. त्या रात्री नीट झोप लागली नाही हे खरं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर एकच वाक्य लिहिलं, "संख्या ५ पेक्षा मोठी असेल तर ती ३ पेक्षा मोठी असते." सगळ्या संख्यांसाठी हे खरं आहे का? हो, कुणालाच शंका नाही. बरं मग आता ७ घाला. दोन्ही बाजू खऱ्या, ही पहिली ओळ. ४ घाला. डावीकडचं खोटं, उजवीकडचं खरं. १ घाला. दोन्ही खोटं. वाक्य सगळ्या संख्यांसाठी खरं आहे असं तुम्हीच आत्ता म्हणलात, मग ४ आणि १ ला ते खोटं कसं असेल, कोरं तरी कसं असेल? आणि डावीकडचं खरं पण उजवीकडचं खोटं अशी एक तरी संख्या काढून दाखवा. नाही निघत, आणि निघाली असती तरच वाक्य पडलं असतं. टेबलातला एकुलता एक एफ तोच. त्या डिप्लोमावाल्यानं वहीत काहीतरी खाडाखोड केली आणि मान हलवली, मला तेवढं पुरलं.

तिथून पुढं "तर, तरच, तरी" हा खेळ झाला. हजेरी आहे तर बसता येतं. हजेरी असेल तरच बसता येतं. हजेरी नसली तरी बसता येतं (इथं मागून टाळ्या). मराठीत एका "च" नं बाण उलटा फिरतो, इंग्रजीत त्यासाठी अख्खा वेगळा शब्द लागतो आणि पोरं तिथंच घसरतात. मी सांगितलं की पेपरात इंग्रजी वाक्य आलं की आधी मनात मराठीत म्हणा, "च" कुठं लागतोय बघा, मग बाण काढा.

मग "किंवा". याला धडा नको होता, पुरावा लॅबमध्येच तयार होता. युजरकडून वाय किंवा एन घ्यायचं, दुसरं काही टाईप केलं तर परत विचारायचं, हा रोजचा प्रोग्रॅम. पोरं मनात म्हणतात "वाय किंवा एन नसेल तर परत विचार" आणि कोडमध्ये लिहितात, वाय नाही ऑर एन नाही. प्रोग्रॅम जन्मभर विचारत बसतो. का, तर कुठलंही अक्षर घ्या, ते एकाच वेळी वाय आणि एन दोन्ही असू शकत नाही, म्हणजे दोनातलं एक "नाही" कायमच खरं. "नाही" आत नेलं की "किंवा" चं "आणि" होतं, हाच तो डी मॉर्गनचा नियम जो बारावीवाल्यांनी तेव्हापासून पाठ केलेला. आठ-नऊ जणांच्या फोल्डरमध्ये ही चूक सापडली, माझ्या जुन्या पेन ड्राइव्हवर पण एक सापडली असती, पण ते मी सांगितलं नाही.

"सगळे" आणि "कुणीतरी" साठी एसटी कामाला आली. "प्रत्येक गावाला एक तरी एसटी जाते" आणि "एक एसटी आहे जी प्रत्येक गावाला जाते." शब्द जवळजवळ तेच, क्रम फिरला की अर्थ फिरला. आटपाडीचा एकजण म्हणला, "सर, दुसरी एसटी मला म्हाईत हाय, मी रोज तीच पकडतो." निगेशनचा वाद पण इथं मिटवला, वर्गाचा नियमच केला की "सगळे ... नाहीत" असं वाक्य लिहायचंच नाही. "एक तरी असा आहे जो नाही" किंवा "एकही नाही", दोनातलं एक निवडायचं.

इंडक्शन पुढच्या आठवड्यात आलं: आधी १ साठी दाखवायचं, मग के साठी खरं मानून के अधिक १ साठी दाखवायचं. नेहमीची तक्रार पहिल्या दहा मिनिटांत, "सर, जे सिद्ध करायचं तेच मानून चाललो की आपण." २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर वर्गातल्या बहुतेकांनी पाहिलेला, घरातलं पोतं न पोतं साखळी करून माडीवर चढवलेलं. साखळीतला प्रत्येकजण एवढंच म्हणतो की माझ्या हातात आलं तर मी पुढच्याला देणार. आलंय असं तो म्हणत नाही. के साठी मानणं म्हणजे एवढंच, एक "तर", आणि "तर" चं वाक्य डावीकडचं खोटं असलं तरी खोटं पडत नाही हे आपण परवाच बघितलं. मग उलटं दाखवलं. "प्रत्येक संख्या तिच्या पुढच्या संख्येएवढी असते." के बरोबर के अधिक १ असेल तर दोन्हीकडं १ मिळवा, के अधिक १ बरोबर के अधिक २, पायरी अगदी पक्की. साखळी उभी आहे, सगळे तयार आहेत, पण पहिलं पोतं उचललंच नाही कुणी, कारण १ बरोबर २ नसतं. हे लेक्चर मला स्वतःला आवडलं. असं फार वेळा होत नाही.

काउंटिंगला एवढा वेळ मिळाला नाही. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म किती प्रकारे धरता येतील, ४ गुणिले ३ गुणिले २ गुणिले १ म्हणजे २४, आणि संध्येतली केशव, नारायण, माधव ही नावं पण २४ च आहेत. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लीलावतीत हेच विचारलंय, शिवाय शंकराच्या दहा हातांतली दहा आयुधं, त्याचं उत्तर ३६,२८,८००. पोरांना गंमत वाटली. पण गंमत वाटणं वेगळं आणि गणित सुटणं वेगळं.

कबुतरखान्याच्या नियमाला (कप्पे कमी, कबुतरं जास्त, तर एका तरी कप्प्यात एकाहून जास्त) मात्र मजा आली. सांगली जिल्ह्यात तालुके १०, वर्गात पोरं ६६, म्हणजे एका तरी तालुक्यातली निदान ७ असणारच. लगेच मागून आवाज, "सर, मी जयसिंगपूरचा." म्हणजे जिल्हा कोल्हापूर. मग मोजलं, बाहेरचे ५ निघाले, उरले ६१, तरी पण उत्तर ७ च. ६० उरले असते तर? तर ६. एक पोरगं घरी गेलं आणि उत्तर बदललं, हे मी ठरवून आणलं नव्हतं, जयसिंगपूरवाल्याचे उपकार.

निकाल

दुसऱ्या युनिट टेस्टला कोऱ्या ओळी जवळजवळ गायब. "तरच" चा बाण बऱ्याच जणांचा बरोबर आला, इंडक्शनमध्ये पहिली पायरी बहुतेकांनी न विसरता लिहिली. काउंटिंगमध्ये परत बोंब, अधिक कुठं आणि गुणिले कुठं यातच अडकले, आणि सगळ्यात जास्त डिप्लोमावाले, ज्यांच्यासाठी मी वेगळं काहीच केलं नव्हतं. रिलेशन्स दोन लेक्चरमध्ये गुंडाळलं होतं, ते तसंच उमटलं. इक्विव्हॅलन्स रिलेशनच्या प्रश्नाला पोरांनी हातच लावला नाही.

युनिव्हर्सिटीच्या परीक्षेत माझी डिव्हिजन आणि मॅडमची डिव्हिजन यांच्या पास होणाऱ्यांत सांगण्यासारखा फरक नव्हता. एचओडींनी ते सौम्यपणे, पण दोनदा सांगितलं. माझ्या बाजूनं दाखवायला माझ्याकडं फक्त शंका होत्या. आधी पोरं विचारायची "सर, हे पेपरला येतंय का", नंतर नंतर काहीजण विचारायला लागले "सर, हे उलटं पण खरं आहे का". पण हा पुरावा कुठल्या फॉर्मच्या रकान्यात बसत नाही.

परत करायचं झालं तर

५ आणि ३ चं वाक्य पहिल्या दिवशीच, आत्याबाई बंद. म्हण हसवते म्हणून समजावते असं मला वाटलं, आणि त्या मुलीनं विचारलं नसतं तर अख्खा वर्ग चुकीचं समजून पुढं गेला असता आणि मला पत्ता पण लागला नसता. दुसरं, कोऱ्या ओळी मला टेस्टच्या पेपरात दिसल्या, म्हणजे पाच आठवडे उशिरा. पहिल्या आठवड्यातच अर्ध्या पानाची बिनमार्कांची चिठ्ठी लिहून घेतली असती तर तेव्हाच कळलं असतं.

डिप्लोमावाल्यांसाठी काउंटिंगचे दोन तास वेगळे काढायलाच पाहिजे होते, तेही दुपारी, शेवटच्या एसटीच्या आधी. आणि शब्दांना चार लेक्चर द्यायची गरज नव्हती, दीड-दोन पुरली असती, बाकीचं त्या त्या युनिटमध्ये वाटून टाकता आलं असतं, एसटी क्वांटिफायरला ("सगळे", "कुणीतरी" या शब्दांना), साखळी इंडक्शनला. मग रिलेशन्सचा बळी गेला नसता. मी एकदा खुलल्यावर थांबत नाही, ही माझी जुनी खोड आहे, बायको पण हेच म्हणते.

एका गोष्टीचा निर्णय अजून होत नाही. वर्गात मराठी वाक्यावरून बाण काढायला शिकवलं ते उपयोगी पडलं, पण वर्गातली तीन मुलं बेळगाव आणि विजापूरकडची, घरी कन्नड बोलणारी. त्यातल्या एकानं शेवटच्या दिवशी येऊन सांगितलं की सर, तो "च" मला शेवटपर्यंत नीट ऐकू आला नाही, मी इंग्रजीवरूनच करत होतो. त्याला मी विचारलं की तुमच्याकडं "तरच" ला काय म्हणता, त्यानं सांगितलं, मी वहीत लिहून घेतलं. पुढच्या जुलैला फळ्यावर तो पण शब्द लिहायचाय. कॉमन टेस्टमध्ये निगेशनचा प्रश्न कसा विचारायचा यावर मॅडमशी बोलणं झालंय, त्या तयार आहेत, युनिटचा क्रम बदलायच्या अर्जावर एचओडींची सही तेवढी बाकी आहे.